कुंदाची शिट्टी आणि माझी मुलगी

कुंदा गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली. कुंदा राहायची आमच्याच स्कीममध्ये, बरोबर माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये. तिचा मिक्सर लागला की माझ्या छताला कळायचं. आणि मुलगी राहते परदेशात. त्या सकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि फोनवर मुग्धाचं नाव दिसलं. मागच्या उन्हाळ्यापासून तिने मला एकदाही फोन केला नव्हता, त्यामुळे हातातली जुडी तशीच टाकून मी फोन घेतला. पलीकडून ती म्हणाली, "आई, कुंदामावशी गेली गं..." आणि रडायला लागली. कुंदा भाच्याच्या घराच्या वास्तुशांतीसाठी भिवापूरला गेली होती, तिथेच पहाटे हृदय बंद पडलं. भाच्याने, प्रमोदने, तिच्या मोबाइलमध्ये पाहिलं की आत्या सगळ्यात जास्त कुणाशी बोलते, आणि त्या नंबरवर फोन लावला. तो नंबर माझ्या मुलीचा होता. भिवापूरची बातमी अशी परदेशात जाऊन नागपूरला माझ्यापर्यंत आली.

खरं सांगते, पहिल्यांदा मला दुःख झालं नाही. पहिल्यांदा वाटलं, इतक्या महिन्यांनी पोरीचा फोन आला तोही कुंदासाठीच. ती रडत होती आणि मी मनात मोजमाप करत होते, माझ्या वेळी एवढी रडेल का ही? 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात आपल्यात. इथे उलटं झालं होतं, मावशी गेली होती आणि माय मेथी निवडत बसली होती. दुःख दुपारी आलं, वरून मिक्सरचा आवाज आला नाही तेव्हा.

कुंदाला ओळखत नव्हतं असं आमच्या भागात कुणी नसेल. शाळेत ती पीटी शिकवायची आणि खो-खोची पंच होती. निवृत्त झाली तरी ट्रॅकसूट आणि गळ्यातली काळ्या दोरीची शिट्टी काही सुटली नाही. उन्हाळ्यात टँकर आला की ती गच्चीतून शिट्टी मारायची आणि चारही मजल्यांवरून बादल्या खाली पळत. गरीब, मुखदुर्बळ वगैरे काही नव्हती ती. चार माणसं जमली की मधोमध उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं, हा तिचा स्वभाव. संसार केला नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "एवढ्या पोरी सांभाळतो, अजून कायले पाह्यजे वं?" मी तिच्या अगदी उलट. कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, व्याख्यानं दिली, वर्तमानपत्रांत लिहिलं. पण संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर जगातल्या लढाईचा विषय निघाला की माना वळायच्या कुंदाकडे. मी संदर्भ देत बसायचे. ती शेंगदाण्याची साल फुंकत एक वाक्य टाकायची आणि बाक तिच्या बाजूचा होऊन जायचा. आतल्या आत माझा तिळपापड व्हायचा. चेहऱ्यावर मात्र मी तो दिसू देत नसे, निदान माझी तशी समजूत होती.

ही जळजळ जुनी होती. मुग्धा शाळेत कुंदाच्या हाताखाली खो-खो खेळायची. दहावीच्या वर्षी पारशिवनीच्या एका शाळेशी अंतिम सामना होता आणि नेमलेल्या दोन पंचांपैकी एक आलाच नाही. स्वतःच्या शाळेच्या सामन्यात कुंदाने पंच व्हायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पारशिवनीच्या मास्तरांनीच येऊन म्हटलं, "मॅडम, तुमीच उभ्या राहा. तुमच्यावर आमचा भरवसा हाय." ती उभी राहिली. शेवटच्या क्षणांत मुग्धाने समोरच्या मुलीला गाठलंच होतं, हात पाठीला लागलाही, आणि कुंदाची शिट्टी वाजली. धावताना मुग्धाचा पाय मधल्या पाटीला, गडी बसतात त्या पट्ट्याला, लागला होता. फाऊल. तो गडी वाचला आणि आम्ही एका गुणाने हरलो. मैदानावरच मी कुंदाला बोलले, इथे लिहिता येणार नाही असं बोलले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पंचानं पाय पाहायचा असते, उषा. पाय कोनाचा हाय ते नाही पाहायचं." मुग्धा रात्रभर रडली. मला वाटलं, चला, सुटली पोरगी या बाईच्या नादातून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर बुटाची नाडी बांधत होती, कुंदाच्या सरावाला जायला. मी समजूत काढायला केलेला शिरा तसाच राहिला.

कुंदाची एक रीत होती, तिच्या प्रत्येक विद्यार्थिनीला ती माहीत आहे. दोन मुली भांडल्या की ती त्यांना मैदानाच्या दोन टोकांना उभं करायची आणि म्हणायची, "बाजू बदला." दोघी एकमेकींच्या जागेवर जायच्या. मग प्रत्येकीने दुसरीची तक्रार बोलून दाखवायची. स्वतःची अजिबात नाही. आणि अशी बोलायची की दुसरीने मान हलवून "होय, हेच म्हणणं आहे माझं" असं म्हटलं पाहिजे. ते होईपर्यंत पाणी नाही. मुली कंटाळायच्या, खोटं बोलायच्या, चिडवून बोलायच्या, आणि कुंदा शिट्टी मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायची. शाळेचं मैदान आमच्या बाल्कनीतून दिसायचं. मी हे पाहायचे आणि म्हणायचे, पोरखेळ.

पुढे मुग्धा पिकांवरच्या रोगांचं संशोधन करायला परदेशी गेली आणि फिरत फिरत अशा देशात स्थिरावली जिथली लढाई आम्ही लहान असल्यापासून संपलेली नाही. त्या देशाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की माणूस आपली बाजू धरून बसतो आणि पुढचं त्याला ऐकू येत नाही. हा लेख कुंदावर आहे, आणि तिच्यासमोर असं बसायची सोय नव्हती. एवढंच सांगते की मागच्या वर्षी तिथे पुन्हा पेटलं. आधी सीमेपलीकडच्या हत्यारबंद लोकांनी या देशातल्या गावांत शिरून माणसं मारली, मग या देशाने सीमेपलीकडच्या वस्त्यांवर असा मारा केला की टीव्ही पाहवेना. जगभरातून टीका झाली, मोर्चे निघाले, ठराव झाले. मीही लिहिलं. तुमच्यापैकी काहींनी तो लेख याच पुरवणीत वाचला असेल, तेव्हा मथळ्यात देशाचं नाव ठळक होतं. त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. सैन्य ज्याच्याकडे मोठं, जबाबदारीही त्याचीच मोठी, हे मी वर्गात शिकवलं तेच मी लिहिलं.

लेख मुग्धाने वाचला. तिचा फोन आला तो शेवटचा. "आई, जगाने आमच्यावर बोलावं ते ठीक, पण तूसुद्धा?" ती म्हणाली. त्या 'आमच्यावर' या शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आमच्यावर म्हणजे? तुझं 'आम्ही' इथे आहे, नागपुरात." ती म्हणाली, "बरोबर आहे. तिथे सायरन वाजत नाही ना." आणि फोन ठेवला. मी केला तर उचलेना. मग मीही करणं सोडलं. देशस्थाचा हट्ट तिच्यातही माझ्याकडूनच गेला आहे.

त्याच संध्याकाळी लेखाचं पान घेऊन कुंदा खाली आली. चष्मा कपाळावर चढवून, पान नाकाशी नेऊन वाचायची तिची पद्धत. वाचून झाल्यावर म्हणाली, "फाऊल बरोबर दिला तुनं."

मला बरं वाटलं. कुंदाने बरोबर म्हटल्यावर बरं वाटावं, याचाही राग आला.

"पण शिट्टी मारून झाल्यावर नाचली काहून?" तिने पान माझ्यापुढे धरलं. "हे पाह्य ना, इथं तुनं लिवलं, त्या देशाच्या रक्तातच हे हाय. रक्त कुठून आणलं वं मधात? फाऊल खेळणाऱ्याचा असते. त्याच्या मायबापाचा नसते."

मी म्हटलं, "आता म्हणशील, दुसऱ्या देशांनीही तसंच केलं तेव्हा तू कुठे होतीस? हे प्रत्येक गुन्हेगाराचं पहिलं वाक्य असतं, कुंदा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवून स्वतःचं मुसळ लपवायचं. सगळ्या जगाचे फाऊल मोजून होईपर्यंत एकाचाही सांगू नये का?"

ती विचारात पडली. ती विचारात पडली की खरंच पडायची, वाद जिंकायला तसा चेहरा करायची नाही. "हे बरोबर हाय तुयं," ती म्हणाली. "दुसऱ्या मैदानावर चोरी झाली म्हनून या मैदानावरचा फाऊल माफ नाही होत. पण मले एक सांग. खो-खोत दोन पंच काहून असते? मधल्या पाटीच्या एका बाजूनं उभं राह्यलं तर दुसऱ्या बाजूचं दिसत नाही म्हनून. तू तुह्या अर्ध्यात उभी होती, तिथचं सारं बरोबर दिसलं तुले. त्या अर्ध्यातल्या पंचाले इचारलं काय?"

"तिथला पंच कोण?"

"तुही पोरगी हाय ना तिथं!"

मी उठून गॅस बारीक केला. गॅसवर काही नव्हतं. मी म्हटलं, उद्या स्वयंपाकघरात विचारून अग्रलेख लिहायला सांगशील. ती हसली, पान घडी करून टेबलावर ठेवलं आणि जिना चढून गेली. तेव्हापासून माझ्या लेकीचा रविवारचा फोन कुंदाच्या घरी सुरू झाला.

दर रविवारी अकराच्या सुमाराला वरून कुंदाचं हसणं ऐकू यायचं, मधूनच शिट्टीही. शब्द कळायचे नाहीत. मी छताकडे पाहत पोळ्या लाटायचे. दुपारी ती खाली येऊन बसायची आणि माझ्याच मुलीची खुशाली मला सांगायची, शेजारणीच्या मुलीची सांगावी तशी. मुग्धाले सर्दी झाली होती. मुग्धाच्या बिल्डिंगमध्ये सायरन झाला की खाली तळघरात जा लागते, शेजारच्या म्हातारीले ती हात धरून नेते, म्हातारीचा नातू सैन्यात हाय. मुग्धाच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा दर शनवारी सरकारच्या विरोधात मोर्चात जाते, आणि बाहेरच्या देशातल्या परिषदेनं त्याचंच बोलावणं रद्द केलं, काहून तर तो त्या देशाचा. मुग्धा म्हने, आता याले मी काय सांगू? हे सगळं मी कान टवकारून ऐकायचे आणि चेहरा असा ठेवायचे, जणू कुणी मला भाजीचा भाव सांगतंय. एकदा न राहवून बोलले, "तुला स्वतःचं लेकरू नाही म्हणून माझं घेतलंस का?" कुंदाने चहाचा कप खाली ठेवला. "घेतलं नाही वं. धरून ठेवलं हाय," ती म्हणाली. मग कप पुन्हा उचलत, "ती काय म्हनून राह्यली असन, तू सांग बरं. बाजू बदलून सांग." मी म्हटलं, मी तुझ्या शाळेतली नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, पण दर रविवारी उठताना माझ्याकडे क्षणभर पाहायची, आणि त्याचा अर्थ मला कळायचा.

शेवटची भेट ती भिवापूरला निघतानाची. तिने मला फ्लॅटची किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला. नवीन निळा ट्रॅकसूट घातला होता. वास्तुशांतीला ट्रॅकसूट घालून जाणारी माझ्या माहितीत ती एकटीच. जिन्यात वळून म्हणाली, "रविवारी तिचा फोन येईन. मी कार्यक्रमात असन. तुले लावायले सांगू काय?" मी म्हटलं, "तिला वाटलं तर लावेल. सांगून कशाला लावायचा?" ती म्हणाली, "दोघीही एकाच मातीच्या. येतो मी." आणि गेली. मी 'ये' म्हटलं की नाही ते आठवत नाही.

शोकसभा पार्किंगमध्ये झाली. मला वाटलं होतं, स्कीममधली माणसं असतील. गेटमधून बायका येतच राहिल्या. कामठीहून आल्या, पारशिवनीहून आल्या. कुणी आता पोलिसात, कुणी शिक्षिका, कुणी सून घेऊन आलेली. हरलेल्या संघातल्याही आणि जिंकलेल्याही. पारशिवनीची एक जण उभी राहून म्हणाली, "त्या फायनलमध्ये आमी जिंकलो ते मॅडममुळे. अन् आम्हाले त्या दिवशी लाज वाटली, की आपन इतके दिवस त्याईच्या शाळेवर चिटिंगचा संशय घेत होतो." सगळ्या रडत होत्या. मी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसले होते, कारण मी प्राध्यापक. मी खुर्चीवरून बायका पाहत होते आणि विचार करत होते, माझ्या सभेला माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोण येईल. अशा वेळी असले विचार येऊ नयेत म्हणतात. आले, त्याला काय करू?

प्रमोद, तिचा भाचा, तेराव्यानंतर फ्लॅट आवरायला आला. साधा, लाजरा माणूस. जाताना माझ्या दारात उभा राहिला, एका हातात भिवापुरी मिरच्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ती काळ्या दोरीची शिट्टी. पिशवी माझ्याकडे दिली. "मिरच्या तुमच्यासाठी. आत्यानं तुमच्या नावानं काढून ठेवल्या होत्या." मग शिट्टी पुढे केली. "अन् हे मुग्धाताईले. आत्या नेहमी सांगे, मी गेल्यावर शिट्टी मुग्धाची." मी दोन्ही घेतलं. दार लावलं आणि हसूच आलं मला. जन्मभराची शेजारीण, आणि मला काय ठेवलं तर मिरच्या! वर जाऊन भांडावं असं वाटलं, पण वर कुणी नव्हतं.

रविवारी अकरा वाजता मी छताकडे पाहत बसले होते. फोन वाजला. मुग्धा. ती म्हणाली, "या वेळेला दुसरं काय करायचं ते सुचेना."

मी म्हटलं, "मलाही."

"मावशी तुझ्याबद्दल काय बोलायची, माहीत आहे?" तिने विचारलं. मी मनाची तयारी केली. "पहिल्या रविवारी मी तुझ्या लेखाबद्दल तक्रार करायला लागले, तर तिने अडवलं. म्हणाली, आधी बाजू बदल. तुझ्या आईचा लेख तू बोलून दाखव, असा की तुझ्या आईनं मान हलवली पाहिजे. मला जमेना. मी चिडवून बोलायचे आणि ती खरंच फोनवर शिट्टी मारायची. कितीतरी रविवार गेले त्यात." मग मुग्धाने मला माझा लेख बोलून दाखवला. सीमेपलीकडच्या मुलांचं, उद्ध्वस्त घरांचं, मोठ्या सैन्याच्या मोठ्या जबाबदारीचं. मी लिहिलं होतं त्याहून चांगलं बोलली. रक्ताचं ते वाक्य तेवढं तिने गाळलं. मी तिथे नसताना, माझ्या डोक्यावरच्या खोलीत, कुंदा माझी बाजू लढवत होती. आणि खाली येऊन मला सर्दीच्या बातम्या सांगत होती.

"हेच म्हणणं आहे ना तुझं?" मुग्धाने विचारलं.

"हेच आहे," मी म्हटलं. माझी मान हललेली तिला दिसली नसणार.

"आता तू."

मला वाटलं जमणार नाही. तिचं म्हणणं मी कधी तिच्याकडून ऐकलंच नव्हतं. पण तोंड उघडलं तर शब्द येत गेले. म्हटलं, तू म्हणतेस, फाऊल झाला हे तुलाही दिसतं, तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या मुलालाही दिसतं, तो दर शनिवारी रस्त्यावर जाऊन ओरडतो. पण बाहेरच्यांनी बोट दाखवलं की ते सरकारपाशी थांबत नाही, त्या मुलापर्यंत येतं, जिन्यात तू जिचा हात धरतेस त्या म्हातारीपर्यंत येतं. तिथल्या गावांत मारल्या गेलेल्यांसाठी रडायला गेलं तर लोक आधी विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूचे? आणि तुझी आई राज्यशास्त्राची, तिला तरी हा फरक कळायला हवा होता... एवढं बोलून मी थांबले.

"हेच आहे," ती हळूच म्हणाली. "तुला कसं कळलं हे?"

"कुंदा सांगायची."

ती रडायला लागली आणि मीही. कुंदासाठी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट रडले, आणि रडतानाही वाटत होतं की आम्हा मायलेकींकडे एकमेकींशी बोलायला सगळे शब्द तिचेच आहेत. मग डोळे पुसून मी म्हटलं, "शिट्टी तुझ्या नावाने ठेवली आहे तिने. पण मी कुरिअर करणार नाही. शिट्टी पाहिजे तर ये आणि घेऊन जा."

ती म्हणाली, डिसेंबरात बघते. आमच्या घरात 'बघते' म्हणजे येते.

शिट्टी मी पुढच्या खोलीतल्या खुंटीवर टांगली आहे. डिसेंबरात पोरगी दारातून आत येईल, आधी त्या शिट्टीला हात लावेल आणि मग माझ्याकडे वळेल, हे मला आत्ताच दिसतंय आणि आत्ताच पोटात दुखून राहिलं आहे. तरी खुंटी मी दार उघडताच दिसेल अशीच निवडली आहे.